वाचकांचे प्रश्न : कयाक घेण्याआधी खाडीत खुंटा रोवा

(सिंधुदुर्गात कर्लीच्या खाडीत कयाक सहली चालवणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेकडे या वेळी चार पत्रं पाठवली होती. ती थोडक्यात, आणि त्यांची उत्तरं.)

प्रश्न : मी २८ वर्षांचा आहे. पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलो आहे. घरापासून खाडी पाच मिनिटांवर. ६ लाखांची बचत आहे. दहा कयाक घेऊन येत्या ऑक्टोबरपासून पर्यावरणाला धरून सहली सुरू करायचा विचार आहे. कयाक कोणत्या घ्याव्यात?
— एक वाचक, राजापूर तालुका

भाऊ, या ऑक्टोबरात एकही घेऊ नका.

मी लग्न होऊन खाडीकाठी आले, बारा वर्षं रोज पाणी बघत होते. २०१७ च्या हिवाळ्यात पहिल्या दोन कयाक आणल्या तेव्हा वाटलं, खाडी आपल्याला माहीत आहे. माझे सासरे पागेरी, म्हणजे पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकून मासे मारणारे. आयुष्यभर पाग टाकून बोय, काळुंदर, शेंगटी काढली त्यांनी. त्यांनी कयाककडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी धक्क्याच्या बाजूला चिखलात एक बांबूचा खुंटा रोवला, माझ्या हातात कोयती दिली आणि सांगितलं, भरतीचं पाणी जिथे थांबेल तिथे खाच मार, ओहोटीचं जिथे थांबेल तिथेही मार. वर्षभर.

मी ते वर्षभर केलं, आणि माझ्या धंद्याचं खरं भांडवल तो खुंटाच ठरला. अष्टमीला वरची आणि खालची खाच दीड-दोन हातांवर असायची, पौर्णिमा-अमावास्येला चार-साडेचार हातांवर. पावसाळ्यात डोंगराचं पाणी उतरलं की खालची खाच सापडायचीच नाही. मे महिन्यात खुंट्याच्या खालच्या अर्ध्या भागावर कालवं चिकटली, तेव्हा सासरे म्हणाले, आता तुला खाच नको, कालवं कुठवर आहेत ते बघ.

तुम्ही कोकणातले आहात, तेव्हा तिथीचं गणित घरात कुणाला तरी येत असेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा अंदाज आहे. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघायचाच, आणि मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, तो उशीर तुमच्या खाडीचा तुम्हालाच मोजावा लागेल. पण एवढ्यावरूनही एक गोष्ट कळते. एकादशी ते त्रयोदशी हे आमचे सोन्याचे दिवस. सकाळी साडेसहा-सातला चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, आणि पाणी फिरलं की त्याच्याबरोबर परत यायचं. नवख्या माणसालाही वल्हं जड जात नाही. चतुर्थी-पंचमीच्या सकाळी मात्र कांदळवनातल्या (खारफुटीतल्या) फाट्यांत, म्हणजे खाडीच्या अरुंद शाखांत, चिखल असतो. पर्यटक शनिवार-रविवार बघून येतात, आणि शनिवारी पंचमी असली तर त्यांना सांगावं लागतं की आज आतल्या फाट्यात जाता येणार नाही.

हे सांगायला मी पहिल्या वर्षी कचरले. डिसेंबरातली पंचमी होती. कोल्हापूरहून आठ शिक्षक आले होते, त्यांना दुपारी परतायचं होतं. मी पावणेआठला त्यांना घेऊन फाट्यात शिरले. पाणी उतरत होतं, मला वाटलं अजून तासभर आहे. भरती-ओहोटीचे सहा तास सारखे नसतात हे तेव्हा मला कळत नव्हतं. एकूण पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक असं ते हलतं. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. आम्ही नेमके त्या वेळी आत होतो. वीस मिनिटांत कयाक चिखलावर बसल्या. एक गुरुजी ढकलायला म्हणून उतरले, मांडीपर्यंत रुतले, आणि पाय काढताना कालवाच्या शिंपलीने टाच उभी चिरली. साडेबारापर्यंत आम्ही तिथे होतो. आठ माणसं, ऊन, डास, पाण्याच्या चार बाटल्या, आणि माझ्या ओढणीने बांधलेला पाय. त्या माणसांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मी अजून त्यांच्या शाळेला दर वर्षी पत्र लिहिते.

वाऱ्याचंही सांगते. थंडीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, खाडी आरशासारखी. अकराच्या सुमाराला खारा वारा सुरू होतो. ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावतंय आणि वारा समुद्राकडून येतोय, की रुंद पात्रात उभ्या लाटा उठतात. पर्यटक त्या वेळेपर्यंत किनाऱ्यावर नाश्त्याला बसलेले असले पाहिजेत.

खुंट्यावर असं वर्षभर पाणी मोजून झालं की कयाक घ्या, दहा नकोत. चार दुहेरी, गाईडसाठी दोन एकेरी. वरून बसायच्या, उलटल्या तरी पाणी न भरणाऱ्या, जाड प्लास्टिकच्या. दुहेरी कयाक तीस-पस्तीस किलोची असते, ती रोज धक्क्यावरून उचलायची आहे हे लक्षात ठेवून घ्या. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून सहलीनंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत, कुशीवर ठेवायच्या. आठ पाहुण्यांपेक्षा जास्त माणसं आमच्या फाट्यात मावत नाहीत. मावली तरी पक्षी थांबत नाहीत. माझा धंदा आठ माणसांचा आहे कारण फाटा आठ माणसांचा आहे.

कागदपत्रांचं लवकर उरकते. २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. मेरीटाईम बोर्ड, ग्रामपंचायत आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष या तिघांना सुरुवातीलाच भेटा, धक्का बांधून झाल्यावर नव्हे. खरं तर धक्का बांधूच नका, असलेला वापरा. वाट करायला म्हणून कांदळवनाची फांदी तोडणं हाही गुन्हा आहे.

६ लाखांपैकी निम्म्याला हात लावू नका. ते कशासाठी, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझ्याकडे तीन गाईड होते. तिघंही गावातली मुलं, झाडापक्ष्यांचं वेड असलेली. फेरीमागे ४०० रुपये देत होते. गेल्या पावसाळ्यात दोघं गोव्याला हॉटेलात लागले ते परतलेच नाहीत. इतकी आवड असलेली मुलं अशी का जातात? त्यांना टिकवायचं कसं?
— एक वाचक, दापोली

ताई, तुमचं पत्र वाचून मला माझा पहिला गाईड आठवला. तोही असाच गेला.

बावीस वर्षांचा होता. खंड्याचे प्रकार आवाजावरून सांगायचा. पाहुणे त्याच्यासाठी परत यायचे, माझ्यासाठी नाही. मीही त्याला फेरीमागे पैसे देत होते, आणि मनात समजत होते की त्याला हे काम आवडतं, म्हणजे तो राहील. जूनमध्ये सहली बंद झाल्या. जून, जुलै, ऑगस्ट आमचं पाणी बंदच असतं, आणि सप्टेंबरातही गढूळ. चार महिने मी त्याला एक पैसा दिला नाही, कारण फेरीच नव्हती. गणपतीच्या आधी त्याची आई दारात आली. भांडायला नाही, सांगायला. म्हणाली, “झिलाक पक्षी आवडतत म्हणान घर चलता काय गो?”

मला उत्तर देता आलं नाही. तो आठवड्याने पणजीला गेला.

तेव्हापासून माझा नियम एकच. गाईडला बारा महिन्यांचा पगार. पाणी बंद असो, पाऊस असो, कुणी येवो न येवो. आज माझ्याकडे दोघं आहेत, प्रत्येकी महिना १८ हजार. वर्षाला ४ लाख ३२ हजार होतात. आमचा सीझन ऑक्टोबर ते मे. सुमारे २०० सहली होतात, सरासरी पाच माणसं, माणशी १ हजार रुपये. म्हणजे १० लाख येतात आणि त्यातला मोठा वाटा गाईडांचा. राहिलेल्यात विमा, दुरुस्ती, नाश्ता, नोंदणी, आणि माझं घर. श्रीमंत होण्याचा हा रस्ता नाही हे मी कुणापासून लपवत नाही. पण ज्या धंद्यात सगळी गोष्ट त्या एका माणसाच्या डोळ्यांवर आणि बोलण्यावर उभी आहे, तिथे त्याच्या पगारात काटकसर करून कयाक वाढवणं मला पटत नाही. पहिल्या उत्तरातल्या भाऊंना अर्धी बचत राखायला सांगितली ती यासाठी. तो पहिल्या दोन पावसाळ्यांचा पगार आहे.

पावसाळ्यात ते रिकामे बसत नाहीत. लावणीला पंधरा दिवस घरी जातात, ती सुट्टी पगारी. मग कयाकची डागडुजी, दोरखंड बदलणं, लाईफ जॅकेटांच्या शिवणी तपासणं. कांदळाच्या शेंगा पावसात पिकून गळतात, त्या गोळा करून आम्ही रोपं करतो. शेंग म्हणते खरी, पण ते झाडावरच रुजलेलं रोप असतं, भाल्यासारखं खाली पडून चिखलात उभं राहतं. दर वर्षी दोघांनाही प्रथमोपचार आणि छातीवर दाब व तोंडाने श्वास देण्याचं (सीपीआर) प्रशिक्षण पुन्हा करायला लावते. एकदा शिकून हात विसरतात. तारकर्लीला एमटीडीसीची (राज्य पर्यटन विकास महामंडळाची) स्कूबा आणि जलक्रीडेची संस्था आहे, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. जीवरक्षकाचं शिक्षण अशाच ठिकाणी घेतलेलं बरं, आणि खर्च मालकाने करावा.

पगाराएवढीच दुसरी गोष्ट म्हणजे अधिकार. पाण्यावर शेवटचा शब्द गाईडचा. माझा नाही, पाहुण्याचा तर नाहीच. तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. खाडीच्या वळणावर एका उंच सुरूच्या झाडावर काकणाचं घरटं आहे. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, आमच्याकडे त्याला काकण म्हणतात. तीच जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर काड्या चढवत राहते. जानेवारी होता. मोठ्या लेन्सा घेऊन चार जण आले होते, त्यांनी पूर्ण सकाळ आमच्याकडून घेतली होती, नेहमीच्या तिप्पट पैसे देऊन. झाडापासून बऱ्याच अंतरावर आमच्या गाईडने वल्हं आडवं धरलं. मी मागच्या कयाकमध्ये होते. तो वळून मला म्हणाला, “वयनी, हयसरच रवया. वर पिल्लां आसत.” त्याने पिल्लं बघितली नव्हती. मादी घरट्यावरून उठून ओरडत घिरट्या घालू लागली होती, तेवढ्यावरून त्याने ओळखलं. पाहुणे म्हणाले आणखी थोडं पुढे, पैसे भरलेत आम्ही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तो म्हणतो ते. किनाऱ्यावर आल्यावर मी निम्मे पैसे परत केले.

पैसे गेले ते गेले. पण त्या दिवशी गाईडला कळलं की हा शब्द त्याचा आहे. तो अजून माझ्याकडे आहे.

आणि त्याला त्याच्या पद्धतीने बोलू द्या. मी सुरुवातीला पाठ करायला एक कागद लिहून दिला होता, कांदळवनांचे प्रकार, लॅटिन नावं. पाहुणे जांभया देत. आता तो काय करतो बघा. तिवराच्या फांदीजवळ कयाक लावतो, पान न तोडता उलटसुलट करून दाखवतो, खालून राखाडी, वरून हिरवं. मग म्हणतो, वरच्या बाजूला जीभ लावा. माणसं आधी बिचकतात. मग एक जण लावतो आणि दचकतो, मीठ! मुळांनी खारं पाणी ओढलं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकलं. उन्हात नीट बघितलं तर पानावर बारीक खडे चमकतात. तेवढ्यात तो शेजारचं झाड दाखवतो, म्हणतो, याला मात्र हात लावायचा नाही. तो गेवा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. दोन झाडं, पाच मिनिटं, आणि त्यानंतर माणसं गप्प होऊन बघू लागतात. निवटे, म्हणजे चिखलावर राहणारे छोटे मासे, उड्या मारत जातात, एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती नांगी हलवत बसलेले असतात. तेव्हा तो बोलत नाही. हे गप्प बसणं मी त्याला शिकवलेलं नाही.

त्या दोघांना फोन करा, ताई. माझा पहिला गाईड मी बोलावला नाही, लाज वाटली म्हणून. तुम्ही बोलवा, आणि आकडा आधी सांगा.

प्रश्न : उत्तम पोहता येणाऱ्यालाही लाईफ जॅकेट हवंच का? उकडतं फार.
— एक वाचक, कोल्हापूर

हवंच. कमरेचे पट्टे आवळून, खांद्यांना धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर सरकता कामा नये, असं. पोहता येणारा माणूस वल्ह्याचा किंवा कयाकचा फटका लागून बेशुद्ध झाला तर पोहत नाही. जॅकेटला शिट्टी असावी. आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तर आम्ही कयाकमध्ये बसवत नाही, पैसे परत देतो.

प्रश्न : आम्ही खाडीत मासे मारणारे. दोन वर्षांपासून आमच्याकडे कयाकवाले आलेत. जाळ्यांवरून जातात, पाग टाकायच्या जागी फोटो काढत उभे राहतात, मासा पळतो. स्वतःला इको म्हणवतात. आम्ही काय करायचं?
— एक वाचक, वेंगुर्ला तालुका

दादा, तुमची तक्रार रास्त आहे, आणि मी तुमच्या बाजूने लिहिते आहे. जो कयाकवाला पागेऱ्याला वाट देत नाही त्याने इको हा शब्द पाटीवरून पुसावा. इंजीन नाही, धूर नाही, आवाज नाही, एवढ्याने ते होत नाही. आमची कयाक स्वतःच तीस किलो प्लास्टिकची आहे. ती पंधरा वर्षं चालवणं आणि तिच्यासाठी खाडीत काहीच न सोडणं एवढं आमच्या हातात आहे. पण खाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांचं पोट सांभाळणं हे पहिलं.

आम्ही काय ठरवलंय ते सांगते, त्यातलं तुमच्या गावाला लागू पडेल ते घ्या. जाळं दिसलं की त्याच्या बाहेरच्या अंगाने जायचं, बोंड्यांवरून (जाळ्याच्या तरंगत्या गोळ्यांवरून) वल्हं मारायचं नाही. कुणी पाग घेऊन पाण्यात उभा असेल तर लांबूनच थांबायचं, त्याने फेकून ओढून घेतला की विचारायचं, जाऊ का? तो हात करेल तेव्हा जायचं. पाहुण्यांना हे थांबणं आवडतं, पाग हवेत गोल उघडताना बघायला मिळतो. त्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही. ओहोटीला बायका कालवं काढायला उतरतात, त्या जागांच्या आसपास त्या वेळी सहल न्यायचीच नाही. पाहुण्यांचा नाश्ता धक्क्याजवळच्या दोन घरांतून येतो, घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. सुक्या माशाची पाकिटं कुणाला घ्यायची असतील तर ती तिथूनच, आणि त्यातला एक रुपया आमच्याकडे येत नाही.

तुमच्या तालुक्यातच एक चांगलं उदाहरण आहे. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. होडी त्याच वल्हवतात, झाडं त्याच दाखवतात. त्या त्याच खाडीकाठच्या आहेत. सहल चालवणारा आणि मासे मारणारा एकाच पाण्यावर वाढलेला असला की बरेचसे तंटे उठतच नाहीत. बाहेरून आलेल्याला मात्र सांगावं लागतं.

तर सांगा. भांडून नको, आधी बोलावून घ्या, ग्रामपंचायतीत, त्यांच्या गाईडांसकट. मालक ऐकत नसला तरी गाईड गावातले असतील तर त्यांना तुमचं जाळं काय ते कळतं. आणि एक फळा लावा, ते ज्या धक्क्यावरून उतरतात तिथे. कुठल्या तिथीला कुठे जाळी लागणार, कुठल्या वेळी कुठला फाटा बंद, हे खडूने लिहायचं. आमच्या धक्क्यावरचा फळा सासरे लिहायचे. ते गेल्यापासून गावातला एक पागेरी दर पंधरवड्याला येऊन लिहितो आणि त्याचं मानधन आम्ही देतो. सकाळी गाईड आधी फळा वाचतात, मग कयाक उचलतात. तुमच्या कयाकवाल्यांनाही खडूचे आणि मानधनाचे पैसे द्यायला सांगा. नाही म्हणाले तर मला कळवा, मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन.